वाफ होती, चाक होतं

मी जात्याचा वरचा दगड बोलतोय. खालचा बोलत नाही. जन्मभर मी त्याच्या डोक्यावर बसलेलो, बोलेल कसा?

माझं वय दोन हजार वर्षं. दगडाला कुणी जन्माचा दाखला मागत नाही, तेवढा फायदा आहे. कंधारच्या किल्ल्याला मला बुरुजात बसवणार होते, पण मी वाटेतच गाडीतून उडी मारली. मग घरं बदलत बदलत उमरीला साहेबरावांच्या पडवीत आलो.

पडवीला लागूनच साहेबरावांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. तालुक्याच्या जळालेल्या मोटारी हा माणूस जिवंत करतो. मनानं सोनं, पण जिभेचे लाड फार. गिरणीचं पीठ म्हणे करपट लागतं. म्हणून त्यांची बायको नागुबाई दर रविवारी माझ्यावर ज्वारी दळायची.

यंदा तिचा खांदा धरला. लेक लुंबिनी नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवते. तिनं डॉक्टरला दाखवलं. हात जपा, नाहीतर कायमचा आखडेल, असं त्यांनी बजावलं. तरी रविवारी नागुबाई बसलीच.

साहेबरावांनी चहा पिता पिता पुडी सोडली, "जुन्या लोकांनी मनावर घेतलं असतं, तर सातवाहनांच्या काळातच कंधारहून आगगाडी सुटली असती!"

"अर्धं खरंय, बाबा," लुंबिनी हसली. "दोन हजार वर्षांमागं इजिप्तात वाफेवर गरगर फिरणारा गोळा केला होता. खेळणं म्हणून."

"मग पुढं का गेले न्हाईत? अक्कल कमी पडली का लोखंड?"

नागुबाईनं मूठभर ज्वारी माझ्या तोंडात टाकली. "कशाला जातील? फिरवायला आम्ही व्हतो की, फुकट."

डोळ्यांवर आलेली बट मागं सारायला तिनं हात उचलला. तो खांद्यापाशीच अडकला. साहेबरावांनी पाहिलं. कप खाली ठेवला.

"सरक गं."

"तुमच्यानं न्हाई व्हायचं."

"धा हॉर्सपॉवरची मोटार उचलतो मी!"

बसले. मी कबूल करतो, मुद्दाम जड झालो. तिसऱ्या मुठीला घाम. पाचव्या मुठीला हाक गेली, "लुंबिनी, कोपऱ्यातली अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार आण गं!"

मी त्या काळचा साक्षीदार आहे म्हणून सांगतो. वाफ होती, तांबं होतं, चाक तर मीच होतो. पण माझा खुंटा ज्यांच्या हातात होता, त्यांना कुणी विचारलंच नाही. विचारायला दोन हजार वर्षं लागली. मोटार बसवायला एक दुपार पुरली.

आता पट्ट्यावर फिरतो. आधी गरगरलं, आता सवय झाली. पीठ पहिल्यासारखंच लागतं, असं साहेबराव शपथेवर सांगतात. बाबांनो, तुमच्या घरीही एखाद्या चाकाला कुणाचा तरी हात जुंपलेला असेल. पाच मुठी तुम्ही दळून बघा, एवढंच मागणं.

नागुबाईचा खांदा सुटत चाललाय. परवाच्या रविवारी तिनं दोन्ही हात वर करून स्वतःचा अंबाडा घातला आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालीस? पीठ कोण बघंल?"

"शेजारच्या सरजाबाईकडं बसून येते. तुम्हीच बघा की, कारखानदार!"