अकरा पॉइंट सहा

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं बाटल्या भरतेय. सगळी पोरं मला मावशी म्हणतात, त्यातली एक खरोखरची भाची आहे. माझी जीभ तिखट आहे, ठाऊक आहे मला. पण झाकणं उघडी टाकणाऱ्यांशी गोड बोलायला मला जमत नाही.

परीक्षेतला प्रयोग सोपा होता. फ्लास्कमध्ये दहा मिलिलिटर आम्ल, त्यात रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब. वर ब्युरेट, म्हणजे आकडे कोरलेली काचेची नळी, तिच्यात कॉस्टिक सोडा. थेंब थेंब सोडायचा. आम्ल संपलं की पुढच्याच थेंबाला फिकट गुलाबी रंग येतो. तिथे थांबून आकडा लिहायचा. तो दरवर्षी दहाच येतो, हे पोरांना आधीपासून पाठ असतं.

भाचीचा आला अकरा पॉइंट सहा. तीनदा केलं, तीनदा तोच. मला वाटलं, पोरीचा हातच नीट नाही. बादली नेता नेता मी पुटपुटले, "दहा लिही गं. सगळ्यांचं दहा आहे."

"पण रंग दहाला येतच नाही, मावशी."

"नापास झालीस तर वर्ष जाईल, शहाणे! आईला काय तोंड दाखवशील?"

तिने मान खाली घातली आणि अकरा पॉइंट सहाच लिहिलं. अस्सा संताप आला मला! आमच्या घरात हट्टाला तोटा नाही.

बाहेरून आलेले परीक्षक कागद चाळत तिच्यापाशी थांबले. "एकोणीस जणांचं दहा आणि तुमचं हे? ब्युरेट वाचता येत नाही?" लाल पेन बाहेर निघालं.

पोरीने मान वर केली. "मला हेच दिसलं, सर."

तिचा तो चेहरा बघितला आणि मला कालची बरणी आठवली. झाकण माझ्याच हातून सैल राहिलेलं. कॉस्टिक सोडा हवेतलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे खडे ओले होऊन चिकटले होते. नवी बरणी आणायचा कंटाळा केला, चालतंय म्हटलं आणि तेच वजन करून विरघळवले. वजनातला सातवा हिस्सा पाण्याचाच. सोडा कमजोर, म्हणून जास्त लागत होता. पोर बरोबर होती.

"थांबा सर," मी म्हटलं. "चूक माझी आहे. सोडा ओला होता."

परीक्षकांनी बाह्या सारल्या आणि स्वतः ब्युरेट भरली. दहाला रंग नाही. अकराला नाही. अकरा पॉइंट सहाला गुलाबी.

त्यांनी ते एकोणीस कागद उचलले. "मग हे दहा कुठून आले?"

एकोणिसांनाही पुन्हा प्रयोग करायला लावला. मला मेमो मिळाला, नोकरीतला पहिला. तो मी निमूट घेतला.

संध्याकाळी बहिणीने चहा पुढे करत विचारलं, "कशी झाली परीक्षा?"

"छान," भाची म्हणाली. "मावशीने वाचवलं मला."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"काही वाचवलं नाही मी," बहिणीला म्हटलं. "मी हिला खोटं लिहायला सांगत होते. हिने माझं ऐकलं नाही."