भरलेल्या प्लेटा

त्या एका जनुकावर त्याचं सगळं अडलं होतं. त्याबद्दलचा त्याचा अंदाज खरा ठरला की कायमची नोकरी, दारावर नावाची पाटी, आणि मुख्य म्हणजे सासऱ्यांचं तोंड बंद. जावयाने चाळिशी ओलांडली तरी सासरे पाहुण्यांना "हे अजून शिकतायत" असंच सांगत.

त्याचं काम संगणकावरचं. कोणतं जनुक कोणाला चालू करतं, कोण कोणाला गप्प बसवतं, याचं बाणांचं जाळं तो विणायचा. जाळ्याच्या मधोमध ठाण मांडून बसलेलं हे जनुक बंद केलं की पेशी वाढायच्या थांबतात, असं त्याचं म्हणणं. पेशी सांभाळायला मेहुणी होती, धाकटी. त्यानेच तिला तात्पुरत्या जागेवर चिकटवलं होतं, आणि जेवायला बसलं की त्या उपकाराची आठवणही तोच करून द्यायचा.

घोळ झाला तो एका शुक्रवारी. जनुक बंद केलेल्या पेशींच्या प्लेटा, म्हणजे त्या वाढवायच्या चपट्या बशा, भरत आल्या होत्या. पेशी विरळ करून नव्या प्लेटांत घालायला हव्या होत्या. पण मग वाढीची मोजणी लांबली असती, आणि बाईंना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, परिषदेसाठी आकडे हवे होते. राहू दे, सोमवारी तशाच मोजू, असं त्याने सांगितलं. सोमवारी त्याने स्वतः सूक्ष्मदर्शकात डोकावलं. पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या. इतकी दाटी झाली की पेशी आपणहून वाढ थांबवतात, जनुकाचा त्यात काही हात नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. धाकटी म्हणाली, पुन्हा करू. त्याने मोजायला लावलं. आकडे सुरेख आले, बाण चपखल बसले, शोधनिबंध छापून आला.

मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तेच जनुक बंद करून पाहिलं, आणि पेशी खुशाल वाढत राहिल्या.

कायमच्या नोकरीसाठीची त्याची मुलाखत तोंडावर आली असताना बाईंनी दोघांना बोलावलं. प्लेटांची छायाचित्रं टेबलावर पसरली होती. या पेशी वेळेवर विरळ का केल्या नाहीत, एवढंच त्यांनी विचारलं.

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. तो नखं बघत राहिला.

"प्लेटा हिच्याकडे असतात," तो म्हणाला.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. धाकटीला बहिणीचा संसार आठवला असावा.

"हो, माझ्याकडेच होत्या."

बाहेर जिन्यात तिने विचारलं, "भाऊजी, ताईला मी सांगू, की तुम्ही सांगताय?"

"मुलाखत तेवढी होऊन जाऊ दे."

झाली. ते जनुक कडेला सरकवून त्याने जाळं नव्याने विणलं होतं. चूक हातांची, डोक्याची नव्हे, असं समितीला पटलं. निबंध मागे घेतला गेला, पेशी हाताळण्यातल्या निष्काळजीपणामुळे. बाईंचा एक निबंध गेला. त्यांच्याकडे पुष्कळ आहेत. त्याला पाटी मिळाली. सासरे आता "आमचे शास्त्रज्ञ" म्हणतात, आणि धाकटीचा विषय निघाला की "पोरीने जावयापुढे मान खाली घालायला लावली." धाकटीला पुन्हा कोणी पेशींना हात लावू दिला नाही. खरं काय ते ताईला कोणीच सांगितलं नाही. धाकटी आपल्याकडे का येत नाही, असं ती विचारते, तेव्हा तो चष्मा पुसत बसतो. एकीची नोकरी गेली, दुसरीची बहीण. त्याचं काहीच गेलं नाही.