खाद्य ढवळणारे वल्हे

मित्रांनो, मी एक जुने वल्हे आहे, पण मला नावेत शोधू नका. नाव पहिल्याच वर्षी फुटली आणि मी मत्स्यतळ्याकाठच्या शेडमध्ये आले. सुताराने तासून तासून माझी सालटी काढली होती. माझ्या नशिबी मारच आहे हे मला तेव्हाच कळायला हवे होते. असो. माशांचे खाद्य टबात ढवळायचे, एवढेच माझे काम.

तळे दोघा भावांचे. थोरला दादा तापट, धाकटा बोलायला गरीब पण हट्टाला पक्का. एका वर्षी रोगाने मासे पटापट मेले, तेव्हा दादाने खाद्यात अँटिबायोटिकची पिवळी पावडर मिसळली. उरलेले मासे वाचले. दादाने मला कौतुकाने थोपटले. त्या दिवसापासून रोग असो वा नसो, रोज एक वाटी पावडर ठरलेली. अति तिथे माती, हे त्याला कोण सांगणार?

धाकट्याने सांगितले. मासे काढायला तेव्हा वीसच दिवस उरले होते.

"दादा, आता तरी औषध बंद कर. हे मासे लोकांच्या ताटात जाणारेत."

"मला शिकवू नकोस. मासे मेले तर तू जिवंत करणारेस का?"

धाकट्याने लाथ मारून टबच उलथवला. दादाने मला दोन्ही हातांनी उचलले. मला थांबायचे होते हो, पण लाकडाचे कोण ऐकतो? माझी कड धाकट्याच्या नडगीवर बसली, हाड वाजले आणि तो तळ्यात कोसळला. पाणी लाल झाले. मग दादानेच उडी मारून त्याला बाहेर काढले.

जखम चिघळली. डॉक्टरीणबाईंनी एक औषध दिले, मग दुसरे. पाय काळा पडत गेला.

"तळ्यातले जंतू शिरलेत जखमेत," त्या म्हणाल्या. "रोज औषध पचवून निर्ढावलेत ते. पाय कापावा लागेल."

गुडघ्याखाली कापला.

धाकटा घरी आला त्या दिवशी दादाने मला अंगणातल्या दगडावर आपटले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मी उभे चिरले गेले.

खाटेवरून धाकटा म्हणाला, "दादा, लाकडाला कशाला मारतोस? हात कोणाचा होता?"

दादाने मला सरपणाच्या ढिगावर ठेवले.

मित्रांनो, मी आता सरपणात पडून आहे. माझ्या पात्याच्या खाचांत अजून ती पिवळी पावडर आहे. माझे काय व्हायचे ते होवो, औषध मात्र जपून वापरा. धाकट्याला औषध मिळाले, पण गुण आला नाही. तो गुण आम्ही आधीच तळ्यात उधळून बसलो होतो.