पाटी ज्या दारावर येते

पूर्वी आमच्या वाडीत पाटी अकरा दारांवर फिरायची. आता सहा दारांवर फिरते.

पाटी म्हणजे हाताएवढी लाकडी फळी. तिच्यावर ‘वाट तुडवणे’ एवढेच लिहिले आहे. ती ज्याच्या दारावर टांगलेली असेल त्याने रात्री पडलेला बर्फ तुडवून सातच्या बसआधी खालच्या पुलापर्यंत वाट करायची आणि परतताना पाटी पुढच्या दारावर टांगायची. बर्फ सारणारे यंत्र पुलापर्यंतच येते, वर त्याला वळायला जागा नाही.

हे मी लिहावे का, याची मला अजून खात्री नाही. चौतीस वर्षे मी खालच्या गावातल्या वाचनालयात पुस्तके लावली, म्हणून वाडी मला गुरुजी म्हणते; वाट तुडवणे मात्र मला कधी नीट जमले नाही. माझ्या पाळीनंतर कुणीतरी गुपचूप वाट पुन्हा तुडवून घेते, असा मला संशय आहे.

माझ्या शेजारी मात्सुए आजी राहते. वय चौऱ्याऐंशी. कंबर इतकी वाकलेली, की आपल्याशी बोलताना ती मान वळवून खालून बघते. मागच्या हिवाळ्यात ती वाटेवर पडली होती. म्हणून जानेवारीच्या बैठकीत वाडीचा प्रमुख तोकुजी म्हणाला, “आजी, यंदापासून पाटी तुमचं दार सोडून पुढे जाईल. तुम्ही आराम करा.”

“तू जन्मलास तेव्हा सुईणीला आणायची वाट मी तुडवली होती. आणि आता तू मला आराम शिकवतोस?”

सगळे हसले. तोकुजी हसला नाही. “बरं, एक पाळी बघू. सातच्या आत वाट झाली नाही, तर पाटी पुढे. कबूल?”

“कबूल.”

घरी जाताना ती मला म्हणाली, “गुरुजी, पाटी आजवर कुठली घरं सोडून गेली ते आठवा. सगळी रिकामी. माणूस असलेलं एकही घर तिनं सोडलेलं नाही.”

तिच्या पाळीच्या आदल्या रात्री कमरेइतका बर्फ पडला. मला झोप लागली नाही. साडेचारला उठून, पाय बर्फात रुतू नयेत म्हणून बुटांखाली लाकडाची गोल कडी बांधली आणि तिच्या दारापासून तुडवायला सुरुवात केली. तिला जाग येईल तेव्हा काम झालेले असेल, असा माझा बेत होता.

एरवी जुन्या वाटेचा खळगा दिसतो. त्या दिवशी सगळे सपाट होते. मी विजेच्या खांबांच्या रेषेत चाललो. साठेक पावले ऐटीत गेली, मग पायाखालचे सगळेच गेले आणि मी काखेपर्यंत आत. चष्मा कुठे उडाला कळले नाही. जितका धडपडलो तितका रुतलो.

बऱ्याच वेळाने मागून विजेरीचा उजेड आला.

“कोण ते? अस्वल का?”

“मी आहे, आजी.”

“मग अस्वल बरं. ते हिवाळ्यात झोपतं तरी.”

तिने हातातले फावडे बर्फावर आडवे टाकले, मला पोटावर सरपटायला लावले आणि कॉलरला धरून वर ओढले.

“वाट सोडून इथे कशाला आलात?”

“खांबांकडे बघून...”

“खांब विजेचे, वाट आपली. नोव्हेंबरपासून तुडवलेली वाट या बर्फाखाली फळीसारखी पडलीय. पाय तिच्यावरच पडायला हवा. हातभर सरकलात की पोकळ.”

सहा वाजून गेले होते. “माझ्यामुळे तुमची पाटी जाणार,” मी म्हणालो.

“गेल्यावर रडा. आता मागे या. माझी पावलं लहान, दोन पावलांमधली जागा तुम्ही तुडवा.”

“चष्मा नाही.”

“बरंच झालं. पायानं बघा.”

ती पुढे निघाली. पाय ठेवायची, क्षणभर थांबायची आणि मगच भार द्यायची. अंधारात ओळखीच्या फडताळातले पुस्तक मी नुसत्या बोटांनी काढू शकतो. तिला ती सगळी उतरण तशी पाठ होती. तेंदूफळाच्या झाडापाशी ती मान न उचलता दोन पावले डावीकडे वळली. मीही वळलो. मऊ बर्फाच्या खाली काहीतरी टणक लागले. बहात्तर वर्षांत ती वाट माझ्या पायांना तेव्हा पहिल्यांदा कळली. तिला धाप लागत होती, पण पावलांची लय एकदाही मोडली नाही.

आम्ही पुलावर पोचलो तेव्हा बसचे दिवे वळणावर होते. मागून तोकुजी उतरत आला. मध्येच थांबून त्याने टाच जोरात आपटली. मग पुन्हा एकदा.

“पक्की आहे,” तो म्हणाला. “पण वर ते भोक कसलं?”

“अस्वल पडलं होतं,” आजी म्हणाली.

त्याने माझ्या छातीपर्यंत चिकटलेल्या बर्फाकडे पाहिले. “चष्मेवालं?”

“होतं चष्मेवालं. आता नाही.”

तोकुजी हसू दाबत बसकडे गेला. पाटीबद्दल तो काही बोलला नाही. परतताना आजीने ती स्वतःच्या हाताने पुढच्या दारावर, म्हणजे माझ्या दारावर, टांगली आणि मुळ्याचे लोणचे कापायला घरात गेली.

चष्मा एप्रिलच्या शेवटी बर्फ वितळल्यावर सापडला. वाटेपासून हातभर डावीकडे. तोवर पाटी तिच्या दारावर आणखी नऊ वेळा येऊन गेली होती.