कुठलं घर कुठल्या तारेवर

हे कुणाला खरं वाटणार नाही, असं म्हणूनच मी बोलायला उभा राहिलो. खांब्याच्या निरोपाचा चहा होता, सबस्टेशनच्या मागच्या खोलीत. थापा मारण्यात आमच्यात मीच नावाजलेला, तेव्हा साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली, पण जिभेला कुणी निवृत्त केलेलं नाही.

खांब्या समोरच बसला होता, चहात बिस्किट बुडवत. खांबावर चढायला त्याला शिडी लागत नसे, म्हणून हे नाव. पण गेली अकरा वर्षं तो खांबावर चढलाच नव्हता. स्टोअरमध्ये बसून जुन्या मीटरांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. त्याच्या सेवापुस्तकात लाल शाईची एक ओळ होती, आणि ती पुसली जावी म्हणून त्याची मुलगी अर्ज घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होती. मुलगी आता आमच्याच कंट्रोल रूममध्ये इंजिनीअर. ती दाराशी उभी होती. मी तिकडे बघायचं टाळलं.

तर, मी सुरू केलं, गल्लीत पहिली स्मार्ट मीटरं बसली तेव्हाची गोष्ट. महाचहाडखोर जात. कुणी किती वाजता इस्त्री लावली, ते दर पंधरा मिनिटांनी ऑफिसला कळवायची. एक मीटर तर मला ओळखायचं. मी फाटकातून आत शिरलो की दिवा मिचकावायचं. लोक हसले. आणि लोक हसले की मला आवरणं कठीण.

गल्लीत वीज तीन तारांवरून येते, तिन्हींवर ओझं सारखं हवं. मीटरांमुळे प्रत्येक घराचं ओझं कळायला लागलं, पण कुठलं घर कुठल्या तारेवर आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, इतका वर गुंता. ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. मग मी भर उन्हात एकेका तारेचा फ्यूज कसा काढला, कुठल्या घरचा पंखा थांबतो ते बघत दारोदार कसा फिरलो, एकशे चाळीस घरं एका दिवसात कशी उरकली, पंखा थांबला म्हणून एक आजीबाई झाडू घेऊन माझ्यामागे कशा धावल्या, सगळं रंगवून सांगितलं. आजीबाई तर मी तिथल्या तिथे जन्माला घातल्या.

माझ्या कागदावरून कंप्युटरनं गणित मांडलं: अमुक बारा घरं शेवटच्या तारेवर घ्या. खांब्यानं घेतली. आठवड्याच्या आत त्याच तारेवर ओझं फार होऊन ट्रान्सफॉर्मर जळाला, गल्ली दोन दिवस अंधारात. चौकशीत ठरलं, वायरमननं भलतीच घरं जोडली. तारा तोवर भंगारात गेलेल्या, तपासणार काय? खांब्या आपणच म्हणाला, माझा हात चुकला असेल. मी शेजारच्या खुर्चीत होतो. घसा खाकरला, आणि पाणी प्यायलो.

हे शेवटचं अर्थातच मी त्या खोलीत सांगितलं नाही. तिथे सांगितलं की ती बारा घरं आपणहूनच तारा बदलून बसली. जोडण्या पालीसारख्या सरकताना मी या डोळ्यांनी पाहिल्या. म्हणजे दोष खांब्याचा नाही, आणि माझा तर नाहीच नाही. वाटलं, असं हसण्यावारी नेलं की त्याचं मन हलकं होईल आणि माझं झाकलेलं राहील.

सगळे पोट धरून हसले. खांब्याही हसला. नुसता हसला असता तर बरं झालं असतं. डोळे पुसत म्हणाला, "तपासणी तुझी होती म्हणून बरं रे. दुसऱ्या कुणाची असती तर मी कागदावर संशय घेतला असता. पाप लागलं असतं."

मी कप खाली ठेवला आणि आजीबाईंना पुन्हा बोलवावं म्हणून तोंड उघडलं.

"काका," दारातून मुलगी म्हणाली. आवाज चढवला नाही. "फ्यूज काढला की मीटर बंद पडता पडता एक निरोप पाठवतं. बाबांच्या अर्जासाठी मी काल त्या दिवसाच्या नोंदी काढल्या. एकशे चाळीसपैकी एकाही घराचा निरोप नाही. तुम्ही फ्यूज काढलाच नव्हता. तो कागद तुम्ही बसल्या जागी भरलात."