काचेच्या खोलीत अडकलेला मालक

एक कुलुपवाला होता. एकोणतीस वर्षं त्याचा एकाच फुटबॉल क्लबवर जीव जडलेला. क्लब फारसा जिंकायचा नाही, पण हरायचा तो अब्रूने. मग बादल्यांच्या एका कारखानदाराने क्लब विकत घेतला आणि तेवढंही सुख गेलं.

नव्या मालकाने पहिल्याच महिन्यात दोन्ही चांगले बचावपटू विकले. गोलच्या मागे कारंजं बांधलं. चेंडू त्यात पडला की गोलरक्षक बूट काढून आत उतरायचा, तोवर प्रेक्षकांचा चहा पिऊन व्हायचा. खुर्च्या उपटून त्याने आपल्या कारखान्यातल्या पिवळ्या बादल्या उलट्या मांडल्या. स्वतः मात्र वर काचेच्या खोलीत, गुबगुबीत सोफ्यावर. पंधरा मिनिटं हात हलवायचा आणि गाडीत बसून पसार व्हायचा. समर्थकांनी पत्रं दिली, घोषणा दिल्या, एकदा तर सगळे मैदानाकडे पाठ करून बसले. त्यांच्या अंगातल्या क्लबच्या शर्टांवर मागे कारखान्याची बादली छापलेली होती. मालकाला ते इतकं आवडलं की त्याने वरून टाळ्या वाजवल्या.

एका शनिवारी दुपारी सामना सुरू होऊन वीस मिनिटं झाली असतील. कुलुपवाल्याचा मेहुणा मैदानाची देखभाल बघायचा. तो धापा टाकत आला.

"दाजी, लवकर चला! साहेब आत अडकलेत. कुलूप फिरतच नाहीये."

कुलुपवाला वर गेला, दारासमोर गुडघ्यांवर बसला. साधंसुधं कुलूप, अगदी हातचा मळ. त्याने खिशातून तारेचा आकडा काढला, क्षणभर विचार केला आणि पुन्हा खिशात घातला.

"कोण आहे? उघडा ना, मला निघायचंय!" आतून मालक ओरडला.

"नाजूक काम आहे साहेब. वेळ लागणार. तोवर सामना बघा."

"दाजी!" मेहुणा कुजबुजला.

"तू गप्प बस."

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अरे अरे अरे!" समोरच्या संघाने गोल केला होता. पाच मिनिटांनी दुसरा. "अरे, त्याला अडवा की कोणीतरी! मोकळं रान दिलंय!" मग तिसरा. "आपला गोलकीपर कुठे उलथला?"

"कारंज्यात असेल, साहेब."

"गोलच्या मागे कारंजं? कोणत्या दीडशहाण्याने बांधलं?"

मेहुण्याला जोराचा ठसका लागला. कुलुपवाल्याला मात्र भरून आलं. आपल्या मनातलं कोणीतरी इतक्या पोटतिडकीने बोलत होतं! बाहेरून त्याला सामना दिसत नव्हता, म्हणून त्याने कुलपाच्या भोकाला कान लावला. "आता काय चाललंय, साहेब?" मालक खेळ सांगत गेला, कुलुपवाला कपाळ बडवत गेला. पाच-शून्य झालं तेव्हा दाराच्या दोन्ही बाजूंनी एकच शिवी निघाली.

अगदी शेवटच्या मिनिटाला मालक किंचाळला, "गेला! गेला! आत गेला! आपला गोल!"

कुलुपवाल्याला राहवेना. आकडा काढून त्याने खट्कन दार उघडलं आणि आत धावला. खाली आपला आघाडीवीर गुडघा धरून लोळत होता. चेंडू त्याच्या गुडघ्यालाच लागून आत गेला होता. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. मालकाच्या टायची पार सुतळी झाली होती.

"पण हे बचावपटू विकले कोणी?" तो गरजला. "बोलवा त्याला! मालक कोण आहे या क्लबचा?"

कुलुपवाल्याने मेहुण्याकडे बघितलं.

"तुम्हीच, साहेब," मेहुणा हळूच म्हणाला.

मालक मटकन खाली बसला. "मीच? हं. मला कोणी काही बोललं कसं नाही?"

सोमवारी कारंजं बुजवलं गेलं. पुढच्या शनिवारी मालक स्वतः प्रेक्षकांत येऊन बादलीवर बसला आणि दहाव्या मिनिटाला कंबर धरून उठला. आठवड्याभरात खुर्च्या आल्या. बचावपटूही एक मिळाला, एक्केचाळीस वर्षांचा, पण तब्येतीने भारदस्त. क्लब अजूनही हरतो. मालक कुलुपवाल्याच्या शेजारी बसून, घसा बसेपर्यंत मालकाच्या नावाने शिमगा करतो.

"मला आता धड शिव्याही देता येत नाहीत," कुलुपवाल्याने घरी कुरकुर केली. "माणूस शेजारी बसून शेंगदाणे पुढे करतो!"

"मग पंचाला द्या," बायको म्हणाली. "तो काही शेजारी बसायला येत नाही."