हरायचं तर खरंखुरं

दाक्षायणीचा डावा हात यंत्रमागाच्या चाकात सापडला, त्याला दोन वर्षं झाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. जखम भरली, पण तेव्हापासून तिच्या वाट्याला सगळं सोपं सोपंच येऊ लागलं. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात तिला मागावरून काढून घड्या घालायला बसवलं. घरी कांदा चिरायला बसली की भावजय अंकिता विळी ओढून घ्यायची. "राहू द्या अक्का." हे तीन शब्द कानावर पडले की दाक्षायणीच्या डोक्यात तिडीक जायची.

धाकटा भाऊ सिद्धू यानं गेमचं कन्सोल आणलं होतं. त्यात तालाचा एक खेळ होता. टीव्हीवर गाणं सुरू व्हायचं, वरून रंगीत ठिपके उतरायचे आणि ठिपका रेघेवर टेकला की नेमक्या ठोक्याला त्याच रंगाचं बटण दाबायचं. चुकलं की कडेची हिरवी पट्टी आखडायची. पट्टी संपली की गाणं बंद. त्यातलं सगळ्यात अवघड गाणं सिद्धूचंही अर्ध्यापुढं गेलं नव्हतं. दाक्षायणीनं नेमकं तेच लावलं.

"अक्का, आधी सोपं घे की."

"सोपं तू खेळ बे."

कंट्रोलर हातात ठरेना. त्याला खालून आधार देणारी दोन बोटंच नव्हती. मग तिनं मांडीवर टॉवेलची घडी ठेवली, तिच्यावर कंट्रोलर आडवा टाकला आणि पेटी वाजवावी तशी वरून बोटं चालवली. कामावरून आली की रोज तासभर हेच. रोज हरायची. कधी पहिल्या मिनिटात, कधी दुसऱ्या.

महिनाभरानं एका रविवारी दुपारी गाणं शेवटपर्यंत गेलं. अंकिता तर नाचलीच. सिद्धूनं व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. फुलं आली, अंगठे आले. मैंदर्गीच्या ईश्वरप्पा मामांनी लिहिलं, 'बिचारीनं करून दाखवलं.'

दाक्षायणीला मात्र काहीतरी खटकलं होतं. पंधरा वर्षं मागावर तुटलेला धागा हेरून तिची नजर तयार झालेली. मधल्या पळत्या तुकड्यात तिचे निदान वीस ठिपके सुटले होते. तरी हिरवी पट्टी जागची हलली नव्हती.

"सिद्धू, खरं सांग. काय केलंस?"

तो चपापला. "सेटिंग असतंय त्यात. कितीबी चुकलं तरी गाणं बंद पडत न्हाय. तू रोज हरतीस ते बघवंना मला."

"हरत होते मी. दुखलं तुला?" तिचा आवाज चढला. "कारखान्यात हात बघून काम देतात. घरात हात बघून विळी काढून घेता. हे एक डबडं तेवढं माझा हात बघत नव्हतं. चुकले की चुकले म्हणत होतं. त्यालाबी शिकवलंस व्हय रे?"

सिद्धूची मान खाली गेली. "काढतो सेटिंग."

"आधी ग्रुपवर लिही. मी सांगते तसं."

"जाऊ दे की अक्का. लोक काय म्हणतील?"

"लिही बे."

त्यानं लिहिलं, 'अक्का जिंकली नाही. मी लबाडी केली. ती अजून हरतीय आणि खेळतीय. मामा, तिला बिचारी म्हणू नका.'

त्याच दुपारी ती पुन्हा बसली आणि दीड मिनिटात हरली. दुसऱ्या दिवशीही हरली. कारखान्यात घड्या घालताना टेबलावर बोटं आपटून तोच तुकडा घोकायची. बाजूच्या बाया हसायच्या. डाव्या बाजूचं एक बटण डाव्या अंगठ्याला वेळेत सापडेना, तेव्हा तिनं उजव्या हाताचं बोट आडवं नेऊन ते दाबायचं ठरवलं. कुणी असं खेळत नसेल. न खेळो.

आणखी तीन आठवडे गेले. एका मंगळवारी संध्याकाळी गाणं संपलं, तेव्हा पट्टी नखाएवढी उरली होती, पण उरली होती. दाक्षायणीनं कंट्रोलर मांडीवरून बाजूला ठेवला.

पडद्यावर निकाल आला. सिद्धूनं वाचला आणि जरा अडखळला. "अक्का, सगळ्यात खालची श्रेणी दिलीय."

"माझीच हाय की ती."

"ग्रुपवर टाकू?"

"टाक. श्रेणी नीट दिसू दे."